आणखी एक बोट वर

त्या दुपारी आम्ही नवराबायको सायकलच्या दुकानात गेलो. दोघांनी मिळून केलेलं तेच शेवटचं साधं काम. हँडल ज्या मानेवर बसतं, दुकानवाले जिला स्टेम म्हणतात, ती बदलायची होती. तिसऱ्यांदा.

मी शिंपी, देवासचा. शिकलो पाचवीपर्यंत, तेही हिंदीत, तेव्हा जसं येतं तसं लिहितो. कापणं-शिवणं माझं, काजं-बटणं तिची, आणि तयार ब्लाऊज घरोघर पोचवायचं कामही तिचंच, सायकलीवर. उन्हाळ्यात हँडलची जुनी मान गंजून चिरली. तेव्हा मी शहाणपणा केला. तिला टेप लावून उभी केली, खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं आणि कपड्यात धरतो तसं दोन बोटं जास्तीचं धरून लांब मान आणली. कपडा आत घेता येतो. लोखंड नाही येत. बिचारी सीटवरून पार पुढं ताणली गेली.

"जन्मभर माझी ब्लाऊजं तंग शिवलीत," ती म्हणाली, "सायकल तेवढी ढगळ केलीत."

मग आखूड मान आणली. तरी ती म्हणे, "अहो, टेकरीकडच्या चढावर डावा हात भरून येतो. दमही लागतो."

"वाकून चालवतेस म्हणून."

माझ्याकडे कारण तयारच होतं. चूक मापाची, माप माझं, म्हणजे दुरुस्तीही मीच करणार. दवाखान्याचं नाव मी काढलं नाही. तिनंही काढलं नाही.

म्हणून त्या दुपारी तिसरी, उंच मान. दुकानवाला म्हणाला, "काकीजी, कोहनी सीट की नोक पे टिकाओ. उँगलियाँ हैंडल को छूनी चाहिए." तिनं कोपर टेकवलं. बोटं बरोब्बर लागली.

"देखो बाबूजी, सायकल का नाप ऐसे लेते हैं."

"भिया, इनको तो बस ब्लाऊज नापना आता है," ती म्हणाली, आणि दोघं माझ्यावर हसले. मग त्यानं मानेवर कोरलेली रेघ दाखवली. ही रेघ कधी बाहेर दिसू द्यायची नाही, दिसली तर मान आतून सुटेल आणि चालवणारा तोंडावर आपटेल.

घरी येऊन तिनं गल्लीत एक फेरी मारली. उतरली तेव्हा कपाळ घामानं ओलं.

"अजून भरतोच हो हात. आणखी एक बोट वर घ्या ना."

"रेघ दिसेल. किती वेळा तेच? सवय कर आता."

त्यानंतर आम्ही चहा घेतला, काहीतरी बोललोही असू. मला एवढंच आठवतं.

संध्याकाळी कणीक मळता मळता ती परातीवर कलली. शेजाऱ्यानं रिक्षा आणली. डॉक्टरनं तपासलं, तिचा हात हळूच खाली ठेवला आणि मला विचारलं, "हाथ में दर्द बताती थीं क्या?"

"हो."

"कौन से हाथ में?"

"डाव्या," मी मराठीतच म्हणालो. त्याला कळलं.

"दिल था, बाबूजी."

हँडल लांब असतं तर दोन्ही हात दुखले असते. एवढंच तर समजायचं होतं. पन्नास वर्षं मी दोन्ही बाह्या एका मापानं कापतोय. एक हात दुखतो म्हणून बाई तीन महिने सांगत होती आणि मी लोखंड बदलत बसलो. तिची वेळ भरली होती म्हणणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवलंय. मला कुणी समजवायला येऊ नका.

सकाळी पहिल्या बसनं तिची धाकटी बहीण धारहून आली. अंगणात बांबू बांधायला जागा हवी होती, म्हणून कुणीतरी सायकल हलवायला गेलं. मी म्हणालो, हात लावू नका. मशीनच्या खणातून पाना काढला. बोल्ट ढिला केला, वरून हातोडी मारली, मान सुटली.

"भाऊजी, हे काय चाललंय? आत चला. तिला कुंकू लावायचंय तुम्ही."

"थांब. तिनं काम सांगितलंय."

हँडल एक बोट वर घेतलं. रेघ बाहेर आली. मग बोल्ट आवळला, हातात होती नव्हती तेवढी ताकद लावून आवळला.