डावीकडची खिडकी

कापडाची सुलट बाजू मास्तर डोळे मिटून ओळखायचे. दोन बोटांत कापड एकदा घासलं की झालं. गिऱ्हाइकं मुद्दाम उलटी घडी पुढे करायची, पण मास्तर फसायचे नाहीत. म्हणूनच विमानात चुकीच्या बाजूला बसल्याचं त्यांच्या जिवाला लागलं.

मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून ते पहिल्यांदाच विमानात चढले होते. सोबत बायको. दुकानातली काज-बटणं तीच करायची. शेजाऱ्यानं सांगितलं होतं, डावीकडे बसा, बर्फाचे डोंगर दिसतात. मास्तर डावीकडे बसले. दिसलं काय, तर सपाट जमीन आणि डोळ्यांत घुसणारं ऊन. उजवीकडची माणसं मात्र काचेला नाकं लावून "अरे बघ, अरे बघ" करत होती.

"शिंप्याला टोपी घातली की शेजाऱ्यानं," बायको म्हणाली.

"नाही गं. तो परतीचं सांगत होता, मी जातानाचं समजलो. समोरच्या गिऱ्हाइकाची डावी बाही आपल्या उजव्या हाताला येते, एवढं मला कळू नये? येताना डावीच घ्यायची. बघशील तू."

दवाखान्यात पोट उघडलं आणि तसंच शिवलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मास्तरांनी पट्टी बदलताना टाके पाहिले.

"ढोबळ घातलेत. पुन्हा कोण बघतंय, म्हणून."

परतीला चाकाच्या खुर्चीतूनच त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, "पोरी, डावीकडची खिडकी. पंखावरची नको." मिळाली.

दुखण्यावरची गोळी बायकोच्या मुठीत होती. ती घेतली की कळ थांबायची, पण मास्तर मेल्यासारखे झोपायचे.

"डोंगर दिसले की दे. त्याआधी नको."

"आणि ओरडलात तर?"

"जन्मभर तोंडात टाचण्या धरून काम केलंय. ओरडतोय कसला!"

विमान सुटेना. दारं लावून जागच्या जागी उभं. सुटलं तेव्हा मास्तरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. रुमाल दातांत होता. ते काचेवरून नजर हलवत नव्हते. खाली नुसती शेतं.

"अहो, तोंड उघडा."

त्यांनी मान हलवली. मग थोड्या वेळानं, खिडकीकडे बघतच, तोंड उघडलं.

ते झोपले. आणि डोंगर आले. पहिल्यांदा एक कड, मग रांगच्या रांग, जवळ, लख्ख. उजवीकडची माणसं उठून वाकून बघू लागली. पलीकडची एक बाई फोटो काढता काढता म्हणाली, "काकू, उठवा ना त्यांना. असं पुन्हा नाही दिसायचं."

बायकोनं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. मग काढून घेतला. उठवलं असतं तर आधी दुखणं जागं झालं असतं, मग मास्तर.

"झोपू द्या," ती म्हणाली.

विमान उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले. "आले का?"

"ढग होते हो. सगळं पांढरं."

"आणि बाजू?"

"बरोबर होती. मागचे म्हणत होते, ढग नसते तर इथूनच दिसले असते."

पलीकडच्या बाईच्या हातात फोन होता. तिनं तो पर्समध्ये टाकला आणि दुसरीकडे बघितलं.

घरी भेटायला येईल त्याला मास्तर तेच सांगत. बाजू अचूक पकडली होती, ढगांनी घोळ केला. शेजारीही आला. हळहळला. म्हणाला, "बरे झालात की पुन्हा जा. दिसतील."

"मी कुठला जातोय," मास्तर म्हणाले. "आणि हिनं तर बघितलेत."

बायकोच्या हातात काज करायला घेतलेला शर्ट होता. तिनं सुई उचलली. दोरा ओवायला गेली. तो काही केल्या नेढ्यात जाईना.

"दे इकडे," मास्तर म्हणाले. पण त्यांचा हात तेवढा वर आला नाही.