नाडी ठेक्यात आली तेव्हा

कुमुद गेल्याचा निरोप घेऊन तिचा भाऊ बदनापूरहून दुपारच्या गाडीनं आला, तेव्हा आमचे डॉक्टर पेशंट तपासत होते. तापाचं निमित्त झालं, म्हणाला. हे गळ्यातला स्टेथोस्कोप तसाच ठेवून आत आले, मोरीच्या दाराशी उभे राहिले आणि हुंदके देऊन रडले. पहिल्या बाळंतपणात माझा जीव जाता जाता वाचला होता, तेव्हाही हा माणूस रडला नव्हता... मेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी तो तिथेच उभ्याउभ्या केला.

कुमुद आणि हे औरंगाबादला एका वर्गात शिकलेले. ती जालन्याच्या सरकारी दवाखान्यात लागली. रोज बदनापूरहून रेल्वेनं यायची आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत आमच्याकडे बसायची. मी 'अहो' म्हणून हाक मारणार, ही 'अरे वसंता' करत थेट आतल्या खोलीत. ह्यांनी ईसीजीचं यंत्र घेतल्यापासून तर विचारूच नका. हृदयाचे ठोके रेघांनी उमटलेल्या त्या कागदी पट्ट्यांवर दोघं डोकी घालून बसत आणि माझा चहा गार होई. दिसायला ती काही रंभा नव्हती. असती तर बरं झालं असतं. रूपाशी भांडता येतं, रेघांशी काय भांडणार? शेवटी मीच म्हटलं, मलाही शिकव. ती हसली नाही. मोसंबी सोलता सोलता म्हणाली, "वहिनी, उंच सुळक्याच्या आधी एक बारका उंचवटा असतो, तो शोधायचा. तो हृदयाच्या वरच्या कप्प्याचा. तो दिसला न्हाई, न्हाईतर उलटा पडला, अन् सुळके मात्र अरुंद अन् बराबर अंतरानं येत असले, तर समजायचं, कारभार मधल्या गाठीनं हातात घेतला." मला ते समजलं आणि समजल्याचा रागही आला, कारण तिनं फारच छान शिकवलं होतं.

मग माझ्या वडिलांचं दुखणं आलं. अण्णा उपचारासाठी अंबडकडून आमच्याकडे राहायला आले होते. नाडी वेडीवाकडी पळायची, म्हणून ह्यांनी डिगॉक्सिनच्या गोळ्या सुरू केल्या. काही आठवड्यांत नाडी ठेक्यात आली, अगदी घड्याळासारखी. घरात आनंदीआनंद, मी शिरा केला. अण्णांनी त्याला हात लावला नाही. संध्याकाळी कुमुदनं विचारलं, "काका, जेवण का जात न्हाई?"

"मळमळून राह्यलं, बाई. अन् समदं पिवळं दिसून राह्यलं. भितबी पिवळी."

तिनं लगेच पट्टी काढायला लावली. सुळके एकसारखे, शिस्तीत, आणि त्यांच्या आधी काही म्हणता काही नाही. "वसंता, हे बरं होणं न्हाई. जंक्शनल आहे, मधल्या गाठीचा कारभार. गोळीचं विष चढलंय, आजपासून बंद कर." हे वाद घालायला लागले. एवढी सुधारलेली नाडी, ती कशी बिघडवायची? मग त्यांनी पट्टी पुन्हा पाहिली आणि हळूच म्हणाले, "तू म्हणतेस तर बंद."

गोळी थांबली, काही दिवसांनी नाडी पुन्हा वेडीवाकडी पळायला लागली, म्हणजे विष उतरलं, आणि कुमुदच्या जिवात जीव आला. अण्णांनी भाकरी मागून घेतली. पुढे तीच गोळी बेतानं सुरू झाली. अण्णा तिला लेक म्हणायला लागले, ते वेगळंच. पण खरं सांगते, बाप वाचत होता आणि मी ह्यांच्या त्या चार शब्दांवर जळत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, खिडक्यांना रंग कोणता लावायचा यावरसुद्धा मला ते कधी मिळाले नाहीत.

पट्टी लांब असते, सोडली की तिची सुरळी होते. एक टोक हे धरत, दुसरं कुमुद. ती गेल्यापासून हे दुसऱ्या टोकावर औषधाची बाटली ठेवत होते. काल संध्याकाळी आतून हाक आली, "जरा धरतेस?" ओले हात पदराला पुसून मी तिच्या खुर्चीत बसले. उंचवटे शोधले; होते, जागच्या जागी. सांगावं म्हणून वर पाहिलं, तर हे माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते आणि ओठ हलत होते. विचारायचं ते तिलाच विचारत असावेत... मी टोक सोडलं नाही.