पिवळ्या टेपची पक्कड

मोठमोठ्या बांधकामांवर वायरिंग करणाऱ्या टोळ्यांसाठी फोरमन तयार करायचं आमचं केंद्र आहे. मी तिथला स्टोअरकीपर. कुलपं, टेस्टर, हातमोजे द्यायचे आणि ते परत आले नाहीत की कटकट करायची, एवढंच माझं काम. फोरमन घडवायचे ते मास्तर. साधा वायरमन म्हणून सुरुवात करून सगळी उमर या कामात गेलेला माणूस. बोलण्यात तिरकस. फोरमन झाला की माणसाचे पाय बसतात आणि तोंड सुटतं, असं ते प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

त्यांचा नियम एकच होता. काम करणाऱ्या प्रत्येकानं मेन स्विचवर आपलं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. शेवटी फोरमननं ओरडून विचारायचं नाही. चालत जायचं, एकेकाचा चेहरा स्वतः बघायचा, मगच मेन चालू करायचा.

हे पोरांच्या डोक्यात बसावं म्हणून ते एक गोष्ट सांगायचे. पूर्वी मेनला एकच कुलूप असायचं, फोरमनचं. असाच एक फोरमन जिन्यात उभा राहून ओरडला, सगळे बाहेर आले का? खालून कुणीतरी सगळ्यांच्या वतीनं हो म्हणालं. त्यानं मेन चालू केला. एक वायरमन विसरलेली पक्कड आणायला पुन्हा वर गेला होता. पकडीच्या मुठीला पिवळी टेप होती. तो वायरमन गेला.

तो फोरमन म्हणजे मास्तरच, हे केंद्रात फक्त मला ठाऊक होतं, त्यांनीच एकदा सांगितलं होतं. गेलेला वायरमन म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा. चौकशीत दुसऱ्या टोळीवर ठपका आला आणि मास्तर गप्प बसले. बायकोलाही सांगितलं नाही. मेहुण्याची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिला मास्तरांनीच वाढवलं, सायकल शिकवली, आयटीआयच्या फॉर्मवर पालक म्हणून सही केली. ती त्यांना काका म्हणायची, आणि तिच्या तोंडचं काका ऐकलं की या तिरकस माणसाचा चेहरा लोण्यासारखा व्हायचा.

अठरा वर्षांनी तीच मुलगी फोरमन व्हायला त्यांच्या बॅचला आली.

मी त्यांना गाठून सांगितलं, या खेपेला गोष्ट गाळा, कुणाचं काही अडणार नाही. ते म्हणाले, "गाळली तर यातला एखादा उद्या जिन्यातूनच विचारेल." मग निदान पक्कड तरी गाळा, असं म्हणालो. ते खडू घेऊन वर्गाकडे निघाले.

मी कुलपांची पेटी घेऊन वर्गात गेलो तेव्हा गोष्ट चालू होती. त्यांनी काही गाळलं नाही. पिवळी टेपसुद्धा नाही.

ती उठली. कमरेच्या पाऊचमधून बापाची पक्कड काढून तिनं टेबलावर ठेवली. टेप मळून काळपट झाली होती, कडेला तेवढी पिवळी दिसत होती.

"ही?"

"हीच."

"मेन कुणी चालू केला, काका?"

खोटं बोलायला त्यांना मोकळं रान होतं. अठरा वर्षं ते खोटं घरात नांदलंच होतं.

"मी," मास्तर म्हणाले.

तिनं पक्कड उचलली आणि जागेवर जाऊन बसली. पोरं खाली माना घालून बसली होती. मला त्या पोरांचा राग आला, आणि मीही तसाच उभा होतो म्हणून माझाही आला. मास्तरांनी पुढचा धडा घेतला, पण फळ्यावरची त्यांची अक्षरं वाचता येत नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोलाही सांगितलं. ती माहेरी निघून गेली.

आठवड्यानं परीक्षा होती. नेहमीप्रमाणे मास्तर स्वतः कामगार झाले आणि आपलं कुलूप मेनला लावून मोठ्या पॅनेलच्या मागे गेले. फोरमन ती होती. काम संपलं, इतरांची कुलपं निघाली, एकच उरलं. एक पोरगा म्हणाला, मास्तर कधीच बाहेर आलेत, मी बघितलंय, कुलूप काढायचं विसरलेत, तोडून टाक. त्यांनीच त्याला तसं म्हणायला सांगितलं होतं, ती परीक्षाच होती.

ती त्याच्याकडे न बघता चालत पॅनेलच्या मागे गेली. मास्तर तिथे उभे होते. तिनं त्यांचा चेहरा बघितला. नियमाला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ बघितला. तिचेही डोळे भरले होते.

"मास्तर," ती म्हणाली, "चला, तुमचं कुलूप काढा."

मास्तर मेनपाशी आले आणि खिशातली किल्ली काढून कुलपाला लावली. तेही कुलूप निघालं. तिनं पुन्हा एकदा सगळ्यांचे चेहरे बघितले आणि मेन चालू केला.

मास्तरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मग कुलूप परत करायला ते माझ्या काउंटरवर आले. म्हणाले, "बघितलंस? बोलावलं नाही. स्वतः चालत आली." मी म्हणालो, हो, बघितलं. "मास्तर म्हणाली मला, काका नाही," ते म्हणाले, आणि काउंटरवर डोकं टेकून रडले.