सही पाचव्या वेळी झाली

हाँगकाँगच्या सचिवालयात चहा देणाऱ्या फोंगताईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणूनच तिला साहेबांच्या बैठकीच्या खोलीत सोडत. लंडनचे साहेब आणि इथले साहेब तीन आठवडे घासाघीस करत होते. वसाहतीतल्या फौजेचा खर्च कोणी किती उचलायचा, एवढाच प्रश्न. लंडनवाले म्हणत, राखण तुमची होते, मोठा वाटा तुम्ही द्या. इथले म्हणत, फौज तुमच्या हुकमाची, मग भुर्दंड आम्हाला का? हे तिला भाषांतर खात्यातले पूनबाबू जिन्यावर सांगत. उद्या सही, असं चार वेळा ठरलं आणि चारही वेळा बारगळलं. मासळीबाजारातल्या बायका याहून लवकर सौदा मिटवतात, असं फोंगताई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

शेवटी इथल्यांनी तोड काढली: रोख कमी देतो, बदल्यात गोळीबाराच्या सरावाला जमीन घ्या. पाचव्या वेळी सही झाली. चहा ओतताना तिला नकाशावर माशाच्या आकाराचा तलाव दिसला आणि त्याच्या शेपटीपाशी लाल पेन्सिलीचं वर्तुळ. ती तिच्या गावची टेकडी होती. तिथे सात वर्षांपूर्वी तिने आईला पुरलं होतं.

गावची रीत अशी, की सात वर्षं झाली की लेकराने हाडं वर काढायची, आपल्या हातांनी पुसायची, मडक्यात रचायची आणि मडकं बापाच्या मडक्याशेजारी ठेवायचं. तोवर मेलेल्या माणसाला घर नसतं.

गावात नोटीस लागली. आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत थडगी हलवा, नाहीतर ठेकेदार हलवेल. मुहूर्त काढणाऱ्या चोईबुवांनी पंचांग तीनदा चाळलं. नवव्या महिन्याच्या बारा तारखेआधी माती उकरली तर तुझ्या मुलाच्या जिवावर बेतेल, म्हणाले. मुलगा एकुलता एक, जहाजावर खलाशी.

तिने पूनबाबूंना गाठलं. "बाबू, बाराच दिवस मागतेय. साहेबांच्या कानावर घाला की."

"कुठल्या साहेबांच्या? लंडनवाले म्हणतात, जमीन रिकामी करून देणं इथल्यांचं काम. इथले म्हणतात, जमीन आता लंडनवाल्यांची. मुहूर्त-बिहूर्त सोडा ताई, उद्याच खणा."

"आणि पोराचं बरंवाईट झालं तर? तुम्ही येणार आहात माझे डोळे पुसायला?"

पूनबाबू फायली सावरत जिना चढून गेले.

फोंगताई मुहूर्तासाठी थांबली. ज्या साहेबांना चार वेळा तारीख पाळता आली नाही, ते पाचव्यांदा कशाला पाळतील, असा तिचा हिशेब. भोळी बाई. तारखा मोडायच्या त्या साहेबांनी आपसातल्या. गावाला दिलेली तारीख त्यांनी घड्याळाच्या ठोक्यावर पाळली.

बारा तारखेला ती तांदळाची दारू, कुंचला आणि हाडांना ऊन लागू नये म्हणून छत्री घेऊन गेली. तारेच्या कुंपणापाशी शिपायाने अडवलं. आत टेकडी खणून ठेवली होती. दुपारी ती सरकारी अस्थिगृहात पोचली. ठेकेदाराच्या माणसांनी मडक्यांना चिकटवलेले नावांचे कागद पावसात धुऊन गेले होते. कारकुनाने अंगणात पाच मडकी मांडली आणि यातलंच एक तुमचं, असं हळू आवाजात सांगितलं. त्यालाही वाईट वाटत होतं.

ऊन रणरणत होतं. फोंगताईने छत्री उघडली आणि ती कोणत्या मडक्यावर धरावी हे न कळून पाचांच्या मध्ये नुसती उभी राहिली.