अण्णांच्या ट्रॅक्टरची तेलतपासणी

आमच्या घरात विज्ञान शिकलेला मी एकटाच, त्यामुळे घरातला सर्वांत अवैज्ञानिक गोंधळही माझ्याच हातून झाला.

मी धाराशिवच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आईवडील आणि धाकटा भाऊ बाळू जळकोटला शेती बघतात. आमचा ट्रॅक्टर अठरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षी तो काळा धूर सोडायला लागला आणि घरात दोन पक्ष पडले. बाळू म्हणे, "इंजन गेलंय, इकून टाकू." वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणत, "माणूस खोकला म्हनून इकतो का रं?"

अशा वेळी शहाण्या माणसानं चहा पिऊन धाराशिवची एसटी धरावी. मी तोंड उघडलं! मोबाईलवर नुकताच एक व्हिडिओ पाहिला होता ना!

"अण्णा, इंजिनचं जुनं तेल प्रयोगशाळेत पाठवायचं. आपलं रक्त तपासतात तसं तपासतात. आत काय झिजलंय, किती झिजलंय, सगळं कळतं."

अण्णांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "बरं. खराब निघालं तर इकू. पर न्हाय निघालं खराब, तर बाळ्यानं परत इकायचं नाव काढायचं न्हाय." बाळू म्हणाला, "चालतंय." ठरलं!

रविवारी तेल बदललं. खालचा नट काढून काळंभोर तेल घमेल्यात उतरवलं. त्यातून मी एक बाटली भरली (स्वच्छ, कोरडी, खास पुण्याच्या प्रयोगशाळेनं धाडलेली!) आणि आईला बजावलं, "ही गळ्यापर्यंत भरलेली राहिली पाहिजे. थेंब कमी झाला तर ते परत पाठवतील." प्रयोगशाळा असं काहीच म्हणाली नव्हती. वर्गात दम द्यायची सवय, दुसरं काय! मग मी शर्टावरचे डाग धुवायला गेलो. तीन डाग होते. तिन्ही घासत बसलो.

तोवर अंगणात गल्ली जमली. आमच्याकडं ट्रॅक्टरचं तेल बदललं की शेजारीपाजारी डबे घेऊन येतात. कुणाला बैलगाडीच्या चाकात घालायचं असतं, कुणाला वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला फासायचं असतं. मी बाहेर आलो तेव्हा घमेलं कोरडं होतं, पण बाटली गळ्यापर्यंत भरलेली, बूच घट्ट! धाराशिवच्या कुरिअरवाल्यानं ती उजेडात धरून विचारलं, "काकवी का सर?"

आठ दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट आला. तेलात पाणी. तेलात माती. लोखंड, तांबं, नाव घ्याल ते! खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इंजिन ताबडतोब बंद करा. मी जळकोटला जाऊन तो सगळा मराठीत, उदाहरणांसकट वाचून दाखवला.

शब्द दिला होता, म्हणून गिऱ्हाईकही अण्णांनीच बोलावलं. चार दिवस ते सकाळ-संध्याकाळ ट्रॅक्टरचं बोनेट पुसत होते. "तुझं शिक्षण ह्याच्याच जिवावर झालं, मास्तर," एवढंच एकदा म्हणाले, तेही न रागावता. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक आलं. मी त्याच्यापुढं रिपोर्ट धरला (प्रामाणिकपणाचा झटका!). तो म्हणाला, "पर तेलात पाणी कुटनं आलं?"

चहा घेऊन आलेली आई म्हणाली, "डब्यातच हुतं की पाणी."

"कुठल्या डब्यात?" मी किंचाळलो.

"गोठ्यामागच्या. शेजारच्या सखूबाई उशिरा आल्या, घमेल्यात न्हाय राहिलं. रिकाम्या हातानं कसं लावून द्यावं? बाटलीतलं अर्धं दिलं त्यास्नी. तूच म्हनलास, गळ्यापर्यंत पायजे. मग डब्यातलं वर वतलं."

त्या डब्यात कैक वर्षांचं मोटारसायकलचं, पाण्याच्या इंजिनचं, पिठाच्या गिरणीचं तेल साठलं होतं, आणि डब्याला झाकण नव्हतं! अण्णा चार दिवसांत पहिल्यांदा हसले. इतके हसले की ठसका लागला. गिऱ्हाईक चहा पिऊन निघून गेलं.

"तरी बी धूर निघतुयाच की," बाळू म्हणाला.

"परत तपासू!" (होय, मीच म्हणालो.)

नवं तेल महिनाभर नांगरटीत चालू दिलं. या वेळी आईला जवळपासही फिरकू दिलं नाही. नट सैल केला आणि मधासारखं स्वच्छ, सोनेरी तेल बाटलीत उतरलं. मी बाळूला म्हणालो, "बघ! याला म्हणतात निरोगी इंजिन!"

चार दिवसांनी मी जळकोटलाच असताना प्रयोगशाळेतून फोन आला. "सर, यात काहीच खराब नाही. हे तेल वापरलेलंच नाही! आम्हाला कशाला पाठवलंत? इंजिनात ओता!"

मी अण्णांकडं पाहिलं. ते छपराकडं बघत होते.

"अण्णा, तुम्ही तेल बदललं?"

"आदल्या दिशी. परक्याच्या दारात तसं मळक्या अंगानं पाठवायचं व्हय? ट्रॅक्टरला काय अब्रू हाय का न्हाय?"

बाळूनं कपाळाला हात लावला. पण शब्द म्हणजे शब्द. तपासणीत खराब काही निघालं नव्हतं, त्यामुळं ट्रॅक्टर दारात राहिला. धूर अजून निघतो, अण्णा अजून बोनेट पुसतात. त्याच्या इंजिनची खरी अवस्था आजवर कुणालाच कळलेली नाही. माझी मात्र सगळ्या जळकोटला कळली आहे!