पानांची तोंडं बघणारे मेहुणे

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतकी नेलपॉलिश उभ्या नाशकात एखाद्या बाईनेही विकत घेतली नसेल. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. पानाच्या पाठीला पारदर्शक नेलपॉलिश लावायची, वाळली की अलगद सोलायची आणि त्या सालीवर उमटलेली पानाची बारीक तोंडं सूक्ष्मदर्शकातून बघायची, हे त्यांचं वेड. आमच्या लग्नात नवरीची बाटली ऐनवेळी गायब झाली, ती यांच्या कोटाच्या खिशात सापडली. पाणी तुटलं की मुळं एक संप्रेरक वर पाठवतात, तो निरोप मिळाला की पानं तोंडं मिटून ओल राखतात, हे त्यांनी मंगलाष्टकांआधी भटजींनाही समजावलं होतं. त्यांच्या घरी गेल्या-गेल्या पाणी मिळत नसे. "तहान लागू दे, मुळं खोल जातात," म्हणत. "दादा, पाहुणे आहेत ते, रोपं नव्हेत!" माझी बायको ओरडे.

हा निरोप चटकन ऐकणारी जनुकं एका रानटी, चिमुकल्या टोमॅटोत असतात. त्याचा आपल्या टोमॅटोशी संकर करून ते वर्षानुवर्षं कमी पाण्यावर तगणारं बी निवडत राहिले. निवृत्तीआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या सिन्नरच्या शेतात एक वाफा लावला. रोपांनी मूळ धरल्यावर म्हणाले, "दाजी, आता थेंबभरही पाणी नको. यंदा नाही जमलं, तर पुन्हा संधी नाही."

मी शब्द दिला आणि कारखान्याच्या पाळ्यांत बुडून गेलो. एकदा वाकून मातीला हात लावला असता, तरी पुरे होतं.

फळं लाल झाल्यावर दादा आले. हिरवागार वाफा बघून ते चपला न काढताच आत शिरले. "दाजी, जमलं!" मग त्यांनी पानाला नेलपॉलिश लावली, साल काढली आणि सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकातून बघितली. भर उन्हात सगळी तोंडं सताड उघडी. त्यांनी मातीत बोट खुपसलं. ओलं.

"मावशी, पाणी कोण घालतं?" त्यांनी शेतावरच राहणाऱ्या माझ्या आईला विचारलं.

"मीच की, मास्तर. पोरांनी माना टाकल्या व्हत्या, पाहावत नव्हतं. भांडी इसळल्याचं पाणी, लय नाय."

मला वर बघवेना. दादा बांधावर बसले. मग त्यांनी एक टोमॅटो तोडला, सदऱ्याला पुसला आणि अर्धा आईला दिला.

"इतक्या वर्षांत याचं एकही फळ मी खाल्लं नव्हतं, मावशी. सगळी बियांसाठीच ठेवत आलो."

"रसाळ हाय की!" आई म्हणाली.

"हो," ते हळूच म्हणाले, "पाणी मिळालंय ना त्याला."