परत आलेले तांदूळ: ठाण्याहून डोंबिवली, शीळफाट्यामार्गे

बाबा रविवारची उपासना चुकवतील हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. म्हणून बाबांनी आणि मी शनिवारी सकाळी निघायचं आणि शनिवारीच संध्याकाळी परत यायचं ठरलं. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. नाताळ होऊन गेलेला, करंज्यांचे डबे तळाला गेलेले. डोंबिवलीहून निरोप आला की दाजींचं काही खरं नाही, येऊन जा.

गेल्या महिन्यात ह्याच पानावर एका वाचक बाईंनी विचारलं होतं, "आजी, गुडघे चालत नाहीत, मोबाइलवर उपासना लावून घरीच बसते. चालतं का हो?" मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते एका ओळीत येत नाही. नात टाइप करायला बसली आहे तोवर ही सहल सांगते. उत्तर निघतंय का बघा. नाही निघालं तर प्रवास तरी होईल.

आधी माणसं सांगते. दाजी म्हणजे माझ्या रूथआत्याचे यजमान. आत्या बाबांची थोरली बहीण, म्हणून बाबा त्यांना दाजी म्हणत, आणि ऐकून ऐकून सगळं घरच दाजी म्हणायला लागलं. मूळचे नगरकडचे, कल्याणच्या रेल्वे यार्डात फिटर होते. बाबा ठाण्यात मास्तर, आणि आमच्या मराठी मंडळीचे 'वडील', म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. बाबांचं एक ठाम मत होतं आणि ते भर सभेत बोलून बसलेले: घरात बसून करतात ते भजन, देवळात करतात ती उपासना.

हा टोला आत्यालाच होता. दाजींचे पाय सुजायला लागले, धाप लागायला लागली, ठाण्याला येणं सुटलं, तेव्हा आत्याने रविवारी घरीच उपासना सुरू केली. यार्डातली दोन ख्रिस्ती कुटुंबं यायची. बाबांनी कुरकुर करून तेही सोडून दिलं असतं. पण मग आत्याने मूठ पाठवली.

ही मूठ आताच्या मुलींना ठाऊक नसेल. भात टाकताना मोजून घेतलेल्या तांदळातून आमच्या बायका एक मूठ परत काढायच्या आणि देवाच्या पिशवीत टाकायच्या. चणचण असली तरी. रविवारी ती पिशवी देवळात मेजापुढे, म्हणजे जिथे प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला ठेवतात तिथे, रिती करायची, आणि ते तांदूळ मंडळीतल्या अडल्यानडल्यांना जायचे. आत्याने घरच्या उपासनेत जमलेली मूठ कुणाच्या तरी हाती ठाण्याला धाडली. बाबांनी ती तश्शी परत पाठवली. वर निरोप दिला, "दान पाठवत नाहीत, घेऊन येतात." तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं जेवढ्यास तेवढं.

निघताना आईने आमची आठवड्याची मूठ बाबांच्या थैलीत घातली. बाबा म्हणाले, "संध्याकाळी परत येतोय ना." आई म्हणाली, "असू द्या. अडकलात तर कल्याणच्या देवळात द्या." माझ्या आईला माणसं नीट कळायची, बाबा तर पाठच.

दाजींचं घर डोंबिवली स्टेशनापासून लांब, शीळच्या रस्त्याच्या अंगाला. म्हणून रेल्वेऐवजी एस.टी. धरली. तिकिटाला आणेच पडले, पण धूळ मात्र फुकट आणि भरपूर. कळव्याचा पूल ओलांडला की खाडीच्या कडेने मिठागरं लागायची. मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांच्यामधून अनवाणी चालणाऱ्या बाया. मग मुंब्र्याचा डोंगर उजव्या-डाव्या हाताला लपंडाव करत राहायचा. आता त्या रस्त्याने गेलात तर खिडकीतून दिसतील त्या इमारती. तेव्हा हवा खारट लागायची, एवढंच मला सांगता येतं.

शीळफाट्याला उतरलो. फाटा म्हणजे एक झाड, एक चहाची टपरी, आणि तीन दिशांना पळणारा रस्ता. दाजींच्या घरावरून जाणारी कल्याणची गाडी गेलेली. टपरीवाला म्हणाला, "आता दुपारीच. घाई असंल तर ती गवताची गाडी रिकामी चालली, बसा तिच्यात." बसलो. काय तो रस्ता. बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं की माझे दात एकमेकांवर आपटायचे. बाबा दोन्ही हातांनी कठडा धरून होते. घर आलं तेव्हा कंबर धरून उतरले.

अंगणात दुसरी बैलगाडी उभी. तिच्यात पेंढा जाड अंथरलेला, वर गोधडी.

"ही कुणासाठी गं, अक्का?" बाबांनी विचारलं.

आत्या दारातच उभी होती. म्हणाली, "ह्यांच्यासाठी. उद्या सकाळी निघालेत. तुझ्या देवळात."

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ह्यांना खाटेवरून हलवू नका, हृदयाला सोसायचं नाही. पण दाजींनी शेजारच्या ताराबायच्या नवऱ्याला गाठून गाडी ठरवून टाकली होती. गाडीने स्टेशन, तिथून रेल्वेने ठाणे. आत्याने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील. सांग त्यांना."

दाजी आत खाटेवर उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास अडकायचा. पाय भोपळ्यासारखे. पण चेहरा हसरा. "या मास्तर. बरं झालं आलात. उद्या संगंच जाऊ."

बाबा म्हणाले, "दाजी, मी आत्ता बैलगाडीतून आलोय. माझी हाडं खिळखिळी झाली. तुमच्याच्याने नाही व्हायचं."

"नाही तर नाही. वाटंत गेलो तरी देवळाच्या वाटंवरच जाईन ना?" दाजी थांबले, दम घेतला. "मला परभूभोजन घ्यायचंय, मेजापाशी बसून. ह्या खाटेवर इतकी वरसं जे केलं ते भजन झालं म्हणता ना तुम्ही? मग मरायच्या आधी एकदा उपासना करून जातो."

मी आत्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.

"देव घरातही ऐकतो, दाजी," बाबा म्हणाले.

"हे मला खाटंवर ठेवाया बोलताय, का खरंच? तसलं खोटं असंल तर नगं, मास्तर. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगू नये."

 माझ्या बाबांची हीच अडचण होती. त्यांना गोड बोलता यायचं नाही आणि खोटं तर मुळीच नाही. दाजींना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर विचारलं.

जेवायला ताराबायने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण आणून दिलं. आगरी घर त्यांचं, गाडीला 'गारी' आणि नवऱ्याला 'घोव' म्हणायचं. उपासनेच्या वेळी ती उंबऱ्याशी येऊन बसायची, गाणी आवडायची म्हणून. मला म्हणाली, "बाय, तुज्या बापाला सांग, त्या मानसाला गारीत घालू नको. माजा घोव नाय बोलला असता, पन दाजीला नाय कोन बोलनार?" आत्याने टाकलेला भात थोडा कमी पडेल असं वाटून मी स्वयंपाकघरात गेले आणि कोपऱ्यातल्या मडक्याचं झाकण काढलं. काठोकाठ तांदूळ. आत्या मागून आली आणि तिने माझा हात धरला.

"त्याला हात नको लावूस. देवाचे आहेत."

ते परत आलेले तांदूळ होते. आणि त्यानंतरच्या प्रत्येक उपासनेची मूठही त्यातच. आत्या म्हणाली, "दिलेलं दान शिजवून खायचं नाही, हे आमच्या आईने शिकवलं. आणि द्यायला जावं तर देऊळ घेत नाही. मग काय करू? अधूनमधून ऊन दाखवते, किडे निवडते, परत भरते." हे तिने तक्रारीने सांगितलं नाही. कामाची पद्धत सांगावी तसं सांगितलं. मला मात्र बाबांचा असा राग आला की त्यांना भाकरी वाढायला मी गेलेच नाही.

संध्याकाळची परतीची गाडी बाबांनी जाऊ दिली. ऊन उतरल्यावर म्हणाले, "चल कृपे, जरा पाय मोकळे करू." शेताच्या बांधावरून चालत होतो. कापलेल्या भाताचे खुंट पायाला टोचत होते.

"मी चुकीचं बोललो नव्हतो," ते अचानक म्हणाले. "माझ्या आजोबांना गावातल्या एकाही देवळाची पायरी चढता आली नाही. ज्या दिवशी ते आपल्या देवळात बाकावर जाऊन बसले, त्या दिवशी रडले. ती जागा कष्टाने मिळाली आहे. घरात आपण आपल्याच माणसांत बसतो गं. देवळात न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसावं लागतं, एकाच प्याल्यातून प्यावं लागतं. प्रत्येकाने घरी बसायचं ठरवलं तर आपण पुन्हा ज्याच्या-त्याच्या वाड्यावस्तीत जाऊ."

 ते बरोबरच होतं. पण राग निवला नव्हता, म्हणून मी म्हटलं, "आणि ते तांदूळ?"

"कुठले तांदूळ?"

"तुम्ही परत पाठवलेले. मडक्यात आहेत सगळे. आत्या ऊन दाखवते आणि परत भरते."

बाबा उभेच राहिले. "मला वाटलं, खाऊन टाकले असतील," एवढंच म्हणाले.  रात्री जेवले नाहीत.

रविवारी सकाळी दाजी पांढरा कोट घालून तयार. यार्डातली मंडळी नेहमीप्रमाणे आलेली. ताराबायच्या नवऱ्याने बैल जुंपले. दाजी म्हणाले, "आधी इथलं उरकून घ्या, मग निघू." आत्याने पेटी घेतली. घोंगड्यांवर सगळे बसले, ताराबाय उंबऱ्याशी. बाबा भिंतीला टेकून, मागे. गाणं झालं, वाचन झालं, प्रार्थना झाली. मग आत्या थबकली आणि दान वगळून शेवटच्या गाण्याचा सूर धरायला लागली. भावासमोर तिला ते मडकं काढायचं नव्हतं.

"अक्का, दान राहिलं," बाबा म्हणाले.

"राहू दे रे."

"राहू दे कसं? दानाशिवाय उपासना पुरी होते का?"

उठले, स्वयंपाकघरात गेले, दोन्ही हातांनी ते मडकं उचलून आणलं आणि मधल्या स्टुलावर ठेवलं. मग आपली थैली उघडली, आईने दिलेली पिशवी काढली, आणि आमच्या घरची मूठ त्या मडक्यात रिती केली. मडकं आधीच भरलेलं, थोडे तांदूळ घोंगडीवर सांडले. बाबांनी ते एकेक वेचून वर ठेवले. मग हात जोडून ठाण्याच्या देवळात मेजापुढे म्हणायचे तीच दानाची प्रार्थना म्हणायला लागले. अर्ध्यावर थांबले. उरलेली आत्याने पुरी केली.

 दाजी बघत होते.

"ठाण्याची मूठ का ही, मास्तर?"

"हो."

"देवळात द्यायची होती?"

"हो," बाबा म्हणाले. "दिली."

दाजींनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग तसेच डोळे मिटून दाराकडे तोंड करून ताराबायच्या नवऱ्याला म्हणाले, "बैल सोड रे बाबा."

मी त्या दिवशी खूप रडले. आत्या नाही रडली. तिने दाजींच्या कोटाची बटणं काढली आणि कोट नीट घडी करून ठेवला. ते तांदूळ बाबांनी तिथेच वाटून दिले. यार्डातल्या एका विधवेला काही, ताराबायच्या बाळंतीण सुनेला काही. पुढच्या आठवड्यात बाबा पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, घेऊन गेले आणि दाजींनी खाटेवर बसून प्रभुभोजन घेतलं. उन्हाळ्याआधी दाजी गेले, त्याच खाटेवर, झोपेत.

त्या रविवारी परतताना टांग्याने डोंबिवली स्टेशन आणि तिथून गाडी. गाडीला गर्दी नव्हती, बाबा खिडकीशी बसून होते. जाणाऱ्यांना सांगायचं तर आता तिथे शेत नाही, बांध नाही, दाजींचं घर कुठे होतं ते मलाही दाखवता यायचं नाही. खारट हवासुद्धा शोधावी लागेल.

तर बाई, तुम्हाला सांगते. गुडघे चालत होते तोवर मी देवळात गेले, आणि ज्या बाईशी माझं पटत नाही तिच्याच शेजारी बसले. बाबांचं ते म्हणणं मी सोडलेलं नाही. आता जिने उतरवत नाहीत. माझ्या खुंटीला पिशवी आहे, आणि रविवारी नात खालच्या मजल्यावरच्या आजारी माणसाकडे ती देऊन येते. नुसतं बघत बसू नका, एवढंच माझं म्हणणं.

त्या रविवारी घरी पोचलो तेव्हा दिवे लागलेले. बाबा न दिसल्यामुळे सकाळी देवळात दहा जणांनी आईला विचारलं होतं, आणि ती त्याच घुश्श्यात होती. पाणी दिलं, दाजींचं विचारलं, ऐकून घेतलं. मग थैली उपसताना रिकामी पिशवी हाताला लागली.

"कल्याणच्या देवळात गेला होतात?"

"नाही. अक्काकडेच होतो."

"मग मूठ कुठे दिलीत?"

"देवळात," बाबा म्हणाले.

 आईने पिशवी झटकली, परत खुंटीला अडकवली, आणि भाताचे तांदूळ मोजायला बसली.